संशय नाही, म्हणून कागदही नाही

माणूस अंथरुणाला खिळून वारला, तर त्याची नोंद गावच्या कोतवाल बुकात, म्हणजे गाव नमुना १४ मध्ये, एका ओळीने होत असे आणि तेवढ्यावर सरकारचा त्याच्याशी असलेला संबंध संपत असे. तोच माणूस विहिरीत पडून, साप चावून, अंगावर वीज कोसळून, गळफास घेऊन किंवा भुसावळच्या अलीकडे-पलीकडे रुळांवर सापडून मेला, तर मात्र पोलीस पाटलाला निरोप जाई, चार शहाणी माणसे पंच म्हणून गोळा होत आणि प्रेताशेजारी बसून कागद लिहिला जाई. खान्देशातल्या एखाद्या सालदाराबद्दल किंवा रोजाने निंदणी करणाऱ्या बाईबद्दल तिच्या हयातीत सरकारने काही लिहून ठेवण्याचे कारणच नसे. जमीन नाही म्हणून फेरफारात नाव नाही, कर्जरोखा नाही, खटला नाही. तिचे वय, तिच्या अंगावरचे लुगडे, तिच्या हातातल्या बांगड्या, तिच्या घरातली माणसे, यांविषयी कोणी अधिकृतपणे लिहिले असेल तर ते या मरणाच्या पंचनाम्यात. धुळे, जळगाव आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांतले असे जुने पंचनामे हा गेली काही वर्षे माझ्या शोधाचा विषय आहे. त्यांतले कोणते उरले आणि कोणते गेले, याला एक ठरावीक कल आहे. तो कल लक्षात न घेता उरलेल्या कागदांवरून इतिहास लिहिला, तर तो चुकीचा होईल असे मला वाटते.

आधी या कागदाचा उगम. इंग्लंडमध्ये अशा मृत्यूंची चौकशी करणारा कॉरोनर हा अधिकारी ११९४ पासून आहे. आपल्याकडे तो मुंबई शहरापुरता होता. १८७१ च्या कायद्याने त्याचे अधिकार ठरले आणि १९९९ मध्ये ते पद बंद झाले. खान्देशात कॉरोनर कधीच नव्हता. इथे १८६७ च्या मुंबई ग्राम पोलीस कायद्याने ते काम पोलीस पाटलावर टाकले होते: गावाच्या हद्दीत कोणी अकस्मात मेले किंवा प्रेत सापडले, तर त्याने गावातली किंवा शेजारची दोन किंवा अधिक समजूतदार माणसे बोलवावीत, मरणाचे कारण पाहावे आणि वर लेखी कळवावे. पुढे फौजदारी प्रक्रिया संहितेने हे काम ठाणे अंमलदाराकडे नेले. १८९८ आणि १९७३ या दोन्ही संहितांत ते कलम १७४ म्हणून आहे आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १९४ म्हणून. प्रेतावरच्या जखमा, अस्थिभंग, खरचटल्याच्या खुणा यांचे वर्णन करायचे, त्या कशाने झाल्या असाव्यात ते लिहायचे, मरणाचे वरवर दिसणारे कारण नोंदवायचे आणि अहवाल दंडाधिकाऱ्याकडे धाडायचा, एवढेच त्याचे प्रयोजन. चौकशीचा हेतू इतकाच मर्यादित आहे, हे १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही स्पष्ट केले. कोणी मारले, का मारले, हा पुढच्या तपासाचा प्रश्न.

या कलमातली एक अट खान्देशच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. प्रेत शवविच्छेदनासाठी सिव्हिल सर्जनकडे पाठवायचे, पण हवामान आणि अंतर पाहता ते वाटेतच कुजून तपासणी निरुपयोगी होणार नसेल तरच. धडगाव-अक्राणीच्या डोंगरातून वैशाखाच्या उन्हात बैलगाडीने किंवा खांद्यावरून धुळ्यापर्यंत प्रेत नेणे म्हणजे काय, हे ज्याने तो घाट पाहिला आहे त्याला सांगायला नको. त्यामुळे लांबच्या गावांतून प्रेत पुष्कळदा हललेच नसणार. पंचांनी जे पाहिले तेवढाच त्या शरीराचा दाखला राहिला. सातपुड्यातल्या मेवासी, म्हणजे डोंगरी सरदारांच्या छोट्या, संस्थानांचा तर (काठीच्या होळीमुळे त्यांतले एक नाव सगळ्यांना ठाऊक आहे) कारभारच सर्वसाधारण कायद्यापासून वेगळा होता, तेव्हा त्या मुलखातली अनेक मरणे कागदापर्यंत पोहोचलीच नसावीत. डाकीण ठरवून मारलेल्या बाईची बातमी खाली येण्याआधीच चिता विझलेली असे. जे लिहिलेच गेले नाही त्याला गहाळ म्हणता येणार नाही. पण हिशेब करताना ते विसरूनही चालणार नाही.

बोरी नदीकाठच्या एका गावी, जुन्या पोलीस पाटलांच्या घरच्या दप्तरात मला असा एक पंचनामा पाहायला मिळाला. काळ १८८० च्या दशकातला, लिपी मोडी, कागद जाडसर आणि पिवळा, चार घड्या पडलेला. मधोमध दोरा ओवायचे भोक असून त्याभोवतीची अक्षरे उडालेली आहेत. तिथी चैत्र वद्यातली, म्हणजे आखाजी (अक्षय्य तृतीया) तोंडावर आलेली. सुमारे बावीस वर्षांच्या बाईचे प्रेत मोटेच्या विहिरीतून काढून थारोळ्याजवळ उताणे ठेवले आहे, डोके उत्तरेस, पाय दक्षिणेस. अंगावर हिरवे लुगडे, काठ तांबडे. चोळी अंगाशी चिकटलेली. गळ्यात काळी पोत, मणी शाबूत. दोन्ही पायांत जोडवी. डाव्या हातात काचेच्या बांगड्या पाच, उजव्या हातात तीन. कपाळाच्या डाव्या बाजूस दोन बोटे लांबीची खोक, ती ‘दगड लागून’ झाल्याचे दिसते. नाकातोंडातून पाणी येत आहे. पुढे, जणू काही जागेचे वर्णन पुरे करायचे म्हणून, एक ओळ येते: घागर विहिरीच्या काठावर उभी, पाण्याने भरलेली. आणि शेवटी पंचांचे मत: पाणी काढताना पाय घसरून विहिरीत पडली व बुडून मयत झाली, कोणावर संशय नाही. खाली पाच पंच. दोघांच्या सह्या, लिहिता न येणाऱ्या तिघांची निशाणी नांगर.

भरलेली घागर काठावर उभी ठेवून झाल्यावर पाणी काढताना पाय कसा घसरला, हा प्रश्न वाचणाऱ्याच्या मनात येतोच. त्यावरून काही सिद्ध करण्याचा माझा इरादा नाही. दुसरी घागर असेल, चूळ भरायला किंवा पाय धुवायला ती वाकली असेल. पण लिहिणाऱ्याने ती ओळ लिहिली आणि मत मात्र तिला वळसा घालून दिले, एवढे त्या कागदावर स्पष्ट दिसते. पंच बहुधा अहिराणीत बोलले असतील, कुलकर्ण्याने ते सरकारी मराठीत बसवले, ठरलेली वाक्ये ठरलेल्या जागी ठेवली. तरीही डोळ्यांनी पाहिलेली एक वस्तू त्या साच्यातून निसटून कागदावर आली. अशा ओळींसाठी हे कागद वाचायचे असतात. आकडेवारीच्या कोष्टकात ती बाई ‘अपघात’ या रकान्यात एक म्हणून गेली असेल आणि तिथे तिची घागर असणे शक्य नाही.

हा कागद उरला कसा, हे तितकेच पाहण्यासारखे आहे. तो कच्चा मसुदा आहे. पक्की प्रत तालुक्याला गेली. घरात मसुदा कोणी त्या बाईसाठी ठेवला नाही. तो वतनाच्या कागदांच्या गठ्ठ्यात, पाटीलकीच्या पाळीवरून भाऊबंदांत चाललेल्या तंट्याच्या अर्जांबरोबर बांधलेला होता. वतनी पाटीलकी अनेक ठिकाणी तक्षिमदारांमध्ये, म्हणजे वतनातल्या वाटेकऱ्यांमध्ये, पाळीने चाले आणि १८७४ च्या वतन कायद्यानंतर कोणत्या शाखेने कोणत्या वर्षी प्रत्यक्ष काम केले, याला मोठे वजन आले. ‘अमुक साली पोलीस पाटील म्हणून आमच्या आजोबांनी पंचनामा केला’ हे दाखवायला मेलेल्या बाईचा कागद उपयोगी होता. मग १९६२ च्या कायद्याने मुलकी पाटलांचे वतनी पद संपले, १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमाने पोलीस पाटील नेमणुकीने येऊ लागला आणि वाड्यावाड्यांतल्या अशा गठ्ठ्यांची गरज एका पिढीत नाहीशी झाली. माळवदाखाली टांगलेली दप्तरे खाली आली, काही रद्दीत गेली, काही बंबात. ज्या घरांत भाऊबंदकीचा दावा लांबला तिथेच ती जास्त काळ टिकली, असे माझे निरीक्षण आहे. खान्देशच्या इतिहासाने भाऊबंदकीचे एवढे तरी आभार मानायला हवेत!

सरकारी दप्तरात गेलेल्या पक्क्या प्रतींची गोष्ट वेगळी आहे. अकस्मात मृत्यूच्या प्रकरणाला अंत दोनच. घातपाताचा संशय निघाला तर गुन्हा नोंदला जाई, प्रकरण सेशन कोर्टात जाई आणि फाशीची शिक्षा झाली तर ती कायम करण्यासाठी उच्च न्यायालयात जाई. दयेचा अर्ज झाला की त्याच्या नकला मुंबई सरकारच्या न्याय खात्यापर्यंत पोहोचत. म्हणजे एकाच पंचनाम्याच्या प्रती, निदान त्याचा गोषवारा, तीन-चार ठिकाणी पसरे आणि एक ठिकाण वाळवीने खाल्ले तरी दुसरे उरे. संशय निघाला नाही तर दंडाधिकाऱ्याच्या सहीने कागद दप्तरी दाखल होई. दप्तरी दाखल झालेल्या कागदाला पुढे कोणी विचारत नाही, आणि ज्याला कोणी विचारत नाही त्याची मुदत भरते.

मुदतीची पद्धत आपल्या कचेऱ्यांत काम केलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. ‘अ’ वर्ग कायमचा, ‘ब’ तीस वर्षांचा, ‘क’ दहा वर्षांचा, ‘क-१’ पाच वर्षांचा आणि ‘ड’ एका वर्षाचा. वर्गवारीप्रमाणे रुमाल, म्हणजे कापडातले गठ्ठे, बांधायचे, मुदत सरली की नाश यादी करायची, वरिष्ठांची मंजुरी घ्यायची आणि कागद फाडून किंवा जाळून टाकायचे. न्यायालयीन कागदांच्या नाशासाठी १९१७ चा स्वतंत्र कायदा आहे आणि २००५ च्या महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियमानेही नाश बंद केला नाही, त्याला नियमांत बसवले. यात कोणाचा दुष्टावा नाही. एका तालुक्याच्या रेकॉर्ड रूममध्ये ज्या कर्मचाऱ्याने मला खुर्ची देऊन नाश यादीची वही दाखवली, त्याने स्वतःचे काम चोख केले होते. यादीत ‘अ.मृ. प्रकरणे’ (अकस्मात मृत्यूची प्रकरणे) एवढाच उल्लेख, पुढे वर्षे आणि गठ्ठ्यांची संख्या. नावे नाहीत, गावे नाहीत. कागद गेला याची नोंद आहे, पण कोणाचा गेला याची नाही.

परिणाम असा की आजच्या अभ्यासकाच्या हाती खान्देशातली अनैसर्गिक मरणे येतात ती बहुतांशी खुनाची. कुऱ्हाडीचे घाव, बांधावरची भांडणे, दारूच्या धुंदीत मारलेला तीर, संशयावरून मारलेली बायको. वाचता वाचता हा प्रदेशच रक्ताला चटावलेला होता असे वाटू लागते. भिल्लांबद्दल तर साहेबाच्या दप्तराने आधीच तसे मत करून ठेवले आहे आणि हे कागद त्याला दुजोरा देतात. पण त्याच वर्षांत विहिरीत, नदीच्या डोहात, सर्पदंशाने मेलेली माणसे खून झालेल्यांपेक्षा फार अधिक असणार, हे जुन्या आरोग्य अहवालांच्या कोष्टकांवरून दिसतेच. त्या कोष्टकांत जिल्हावार आत्महत्या, अपघात, सर्पदंश आणि हिंस्र श्वापदे असे रकाने असत. आकडे छापले गेले म्हणून टिकले, माणसे हस्तलिखितात होती म्हणून गेली. शेतीचा, पाण्याचा, बायकांच्या कामाचा, रानावनातल्या वाटांचा इतिहास ज्यांत होता ते कागद ‘संशय नाही’ या शेऱ्याने निकालात निघाले.

या शेऱ्याबद्दल आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. १९८३ मध्ये फौजदारी प्रक्रिया संहितेत दुरुस्ती झाली आणि लग्नाला सात वर्षे होण्याच्या आत स्त्रीने आत्महत्या केली किंवा तिचा मृत्यू संशयास्पद परिस्थितीत झाला, तर शवविच्छेदनाला पाठवणे पोलिसांच्या मर्जीवर राहिले नाही. त्याआधीच्या शंभर-सव्वाशे वर्षांत सासरच्या गावातल्या, पाटलाच्या ओळखीतल्या पंचांनी पाय घसरल्याचे मत दिले की सुनेचे प्रकरण मिटे. जुन्या खान्देशात हुंड्यापायी बळी जात नसत, असे मी थोरामोठ्यांच्या तोंडून अनेकदा ऐकले आहे. असेलही. पण ते पडताळून पाहायला लागणारे कागद नेमके तेच आहेत जे संशय नसल्यामुळे नाहीसे झाले, तेव्हा त्या विधानाचा आधार ‘तसे कुठे लिहिलेले नाही’ एवढाच उरतो आणि मला तो पुरेसा वाटत नाही.

नाशाची बाकीची कारणे सर्वांच्या परिचयाची आहेत, म्हणून थोडक्यात. १८७२ च्या पुरात पांझरा धुळ्यात शिरली होती. वाळवी तर बाराही महिने असते. त्याहून मला जास्त नुकसानीच्या वाटतात त्या जिल्ह्यांच्या वाटण्या. १८६९ मध्ये नाशिक जिल्हा झाला तेव्हा मालेगाव-बागलाण खान्देशातून तिकडे गेले. १९०६ मध्ये खान्देशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला. प्रत्येक वाटणीत चालू प्रकरणे नव्या कचेरीत गेली आणि जुनी, मिटलेली प्रकरणे दोन्हीकडच्या कोणालाच नको होती. उकाई आणि सरदार सरोवराच्या पाण्याखाली गेलेल्या गावांत पाटलांची घरेही होती. पुनर्वसनाच्या ट्रकमध्ये भांडी, कौले आणि शेळ्या चढल्या, दप्तरे किती चढली असतील याचा अंदाज करावा.

धुळ्यात इतिहासाच्या कागदांविषयी आस्था नव्हती असे म्हणता येणार नाही. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ च्या अखेरीस धुळ्यातच वारले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या संग्रहासाठी इथे संशोधन मंडळ उभे राहिले. पण वाड्यावाड्यांतून कागद गोळा करणाऱ्या त्या पिढीची नजर १८१८ च्या आधीच्या काळावर होती, आणि ते स्वाभाविकही होते. इंग्रजी अमलातला पोलीस पाटलाचा पंचनामा त्यांना कालचा वाटला असणार. संशोधकाच्या लेखी तो फार नवा आणि कचेरीच्या लेखी फार जुना, अशा दुहेरी उपेक्षेत हे कागद सापडले.

या बाबतीत विलायतेचे उदाहरण बोलके आहे. तिथेही कॉरोनरच्या फायली मोठ्या प्रमाणावर गेल्या; १८७५ नंतरचे कागद पंधरा वर्षांनी निकालात काढण्याची मुभा होती आणि तिचा वापर झाला. पण अठराव्या शतकाच्या मध्यावर एक कायदा होऊन कॉरोनरला प्रत्येक चौकशीमागे एक पौंड आणि प्रवासाच्या प्रत्येक मैलामागे नऊ पेन्स मिळू लागले. पैसे मागायचे म्हणजे कोण मेले, कुठे मेले, किती मैल गेलो हे लिहून बिल सादर करणे आले. मूळ चौकशी नाहीशी झाली आणि बिले हिशेबाच्या दप्तरात टिकली. आज अनेक परगण्यांत त्या बिलांवरूनच मृतांची यादी जुळवता येते. आपल्या पाटलाला मैलामागे काही मिळत नसे, पण हिशेबाचा कागद शाबूत राहतो हा अनुभव आपल्याकडेही तोच आहे. नावे आणि जाती असलेल्या कोतवाल बुकांचे २०२३ पासून काय झाले, ते पाहा. कुणबी नोंदी शोधण्यासाठी तहसिलींच्या रेकॉर्ड रूम उघडल्या, मोडी वाचणाऱ्यांना बोलावणी गेली, पानांचे स्कॅनिंग झाले. दाखल्याची गरज जिवंत माणसाला होती. त्याच निमित्ताने अकस्मात मृत्यूची रजिस्टरेही स्कॅन झाली असती तर फारसा जादा खर्च झाला नसता, कारण त्यांतही नाव, गाव आणि पुष्कळदा जात असते.

सगळे कागद ठेवा अशी मागणी मी करणार नाही. ती कोणी मान्य करणार नाही आणि जागाही नाही. पण ठाण्यातले अकस्मात मृत्यूचे रजिस्टर आणि जिल्हा रुग्णालयातले शवविच्छेदनाचे रजिस्टर, ही दोन तरी नाश यादीतून कायमची वगळावीत. प्रकरणाची फाईल वीस पानांची असेल, रजिस्टरात त्याची एक ओळ असते: तारीख, नाव, वय, गाव, कारण, निकाल. अख्ख्या ठाण्याची दहा वर्षे एका कपाटाच्या एका खणात मावतात. नव्या संहितेप्रमाणे अहवाल चोवीस तासांत दंडाधिकाऱ्याकडे जायला हवा आणि आता नोंदी संगणकावर होतात, म्हणून पुढचे सुरक्षित आहे असे धरले, तरी स्वातंत्र्यानंतरची पहिली चार-पाच दशके आज नेमकी नाशाच्या टप्प्यात आहेत. फाईल जाळायचीच असेल तर निदान पंचनाम्याच्या पानांची छायाचित्रे आधी घ्यावीत; ते काम एका मोबाइलवर होते.

आणि ज्यांच्या घरी जुन्या पोलीस पाटीलकीचे दप्तर अजून आहे, त्यांच्याकडे माझे मागणे आहे. गठ्ठा सोडू नका; सोडलाच तर कागदांचा क्रम बदलू नका, कारण बोरीकाठचा तो पंचनामा वतनाच्या अर्जांमध्ये सापडला म्हणूनच त्याचे असणे मला उलगडले. लॅमिनेशन तर मुळीच करू नका, त्याने कागद आतून कायमचा खराब होतो. नावे वाचून कोणाच्या घराण्याची अब्रू जाईल अशी धास्ती असेल, तर तेवढे कागद वेगळ्या पाकिटात ठेवा, पण जाळू नका. मोडी वाचणारी माणसे आता धुळे-जळगावात पुन्हा तयार झाली आहेत. त्यांना घरी बोलवा आणि कागद घराबाहेर न नेता वाचून घ्या. गठ्ठा कोणाच्या घरात, कोणत्या खोलीत, कशात बांधलेला होता, हे एका चिठ्ठीवर लिहून ती चिठ्ठी आत घालून ठेवा.